दोन ग्राफिक्स कार्डं की एकच दमदार कार्ड? गेमिंग पीसी उभारणाऱ्या नवख्यांसाठी

पीसीत आरटीएक्स ३०६० आहे. दोन-तीन वर्षं छान चाललं, आता नवे खेळ अडखळायला लागलेत. मदरबोर्डवर आणखी एक लांब स्लॉट रिकामा दिसतो आणि सेकंडहँड बाजारात तसलंच दुसरं ३०६० बऱ्यापैकी स्वस्तात मिळतंय. अशा वेळी कुणाच्याही मनात येतंच की हेच कार्ड आणखी एक बसवलं तर वेग दुप्पट होईल आणि मोठ्या कार्डाचे पैसे वाचतील.

तसं होत नाही. एका ३०६० ला दुसऱ्या ३०६० शी जोडून खेळ चालवायची सोयच ते बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने ठेवलेली नाही. दुसरं कार्ड विंडोजला दिसेल, थोडी वीज खाईल, कॅबिनेटमधली हवा अडवेल, आणि खेळात एक फ्रेमही (पडद्यावर एकामागून एक येणारं चित्र) वाढणार नाही. पैसे हातचे जाण्याआधी हे कळावं म्हणून हा लेख. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: आज खेळण्यासाठी पीसी घेत असाल तर एकच कार्ड घ्या, खिशाला झेपेल तितकं दमदार. पण नुसत्या मतावर विसंबू नका. दोन कार्डांचं कौतुक करणारे जुने व्हिडिओ आणि लेख अजून सहज सापडतात आणि ते पटतातही. म्हणून आधी कारणं समजून घेऊ, मग एकेक पायरी.

जुने व्हिडिओ खोटे नव्हते

१९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू २ हे कार्ड आलं. एकटं असताना ते ८०० बाय ६०० पर्यंतचं चित्र काढायचं. दोन वूडू २ केबलने जोडली (या जोडणीचं नाव एसएलआय) की पडद्यावरच्या रेषा दोघांत वाटल्या जायच्या, एक रेष या कार्डाची, पुढची त्या कार्डाची, आणि १०२४ बाय ७६८ चं चित्र मिळायचं. त्या काळी ही फार मोठी उडी होती. पुढे एनव्हिडियाने थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घेतली आणि २००४ मध्ये जीफोर्स ६८०० च्या पिढीबरोबर एसएलआय हे नाव परत आणलं. एटीआयने २००५ मध्ये क्रॉसफायर काढून उत्तर दिलं. एटीआय पुढच्याच वर्षी एएमडीकडे गेली.

त्यानंतरचं दशकभर दोन कार्डं म्हणजे हौशी गेमरची शान होती. एकाच कार्डावर दोन चिपा बसवलेली मॉडेलंही आली. २०१२ चं जीटीएक्स ६९० तसलंच. २०१४ मध्ये एएमडीने आर९ २९५एक्स२ काढलं: ५०० वॅटचं कार्ड, थंड ठेवायला स्वतःचं वॉटर कूलिंग, किंमत १,४९९ डॉलर. एनव्हिडियाच्या टायटन झेडची किंमत त्याच वर्षी २,९९९ डॉलर होती. पैसा आणि हौस दोन्ही असेल तर याहून जास्त वेग दुसरीकडे कुठे मिळत नव्हता, म्हणून त्या वेळचे व्हिडिओ जे सांगतात ते त्या वेळी रास्तच होतं.

मग दारं एकेक करून बंद झाली. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० आलं तेव्हा त्यावर एसएलआयचं कनेक्टरच नव्हतं. मधल्या किमतीची दोन कार्डं घेऊन वरच्याला गाठायचं, हा सामान्य माणसाचा हिशेब एनव्हिडियाच्या बाजूने तिथेच संपला. २०१८ च्या आरटीएक्स २० पिढीत जोडणी फक्त वरच्या मॉडेलांत उरली, ३० पिढीत फक्त ३०९० आणि ३०९० टीआयमध्ये. १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी एसएलआयचे नवे प्रोफाइल (कोणत्या खेळात दोन कार्डं कशी वापरायची त्याच्या सूचना) बनवणं एनव्हिडियाने थांबवलं. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० आलं तेव्हा जोडणीची खाचही गेली होती. एएमडीच्या २०१९ च्या आरएक्स ५७०० मालिकेतही क्रॉसफायर नाही.

व्हिडिओ बघताना त्यामुळे पहिलं काम: तो कोणत्या साली टाकलाय ते बघा. २०१७ च्या आधीचा असेल तर त्यातला सल्ला आजच्या खरेदीला लावू नका.

कंपन्यांनी हे बंद का केलं?

लोकांनी दोन स्वस्त कार्डं घेण्यापेक्षा एक महाग घ्यावं म्हणून, असा संशय येतो. पण तांत्रिक कारण खरं आहे आणि ते समजून घेण्याजोगं आहे.

दोन कार्डं काम वाटून घ्यायची ती बहुधा एकाआड एक पद्धतीने. पहिली फ्रेम पहिलं कार्ड काढणार, दुसरी दुसरं, तिसरी पुन्हा पहिलं. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असेल तोवर हे उत्तम चालतं. आजच्या खेळांत मात्र फ्रेम स्वतंत्र राहिलेली नाही. कडा गुळगुळीत करायची टीएए पद्धत आधीच्या फ्रेममधली माहिती वापरते. एनव्हिडियाचं डीएलएसएस आणि एएमडीचं एफएसआर, दोन्हींच्या आजच्या आवृत्त्या मागच्या फ्रेम आणि त्यांतली हालचाल बघूनच चित्र मोठं करतात. म्हणजे दुसऱ्या कार्डाला आपली फ्रेम पुरी करायला पहिल्याची फ्रेम हवी, आणि ती दुसऱ्याच कार्डाच्या मेमरीत पडलेली. ती इकडे आणायची, तोवर थांबायचं. वाट बघण्यातच सगळा फायदा निघून जातो.

दुसरं दुखणं आकड्यांत लपतं. समजा एक फ्रेम ८ मिलिसेकंदांत आली, पुढची २५ मध्ये, मग पुन्हा ८, पुन्हा २५. सरासरी साडेसोळा, म्हणून कोपऱ्यातला मीटर ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, दाखवतो. डोळ्यांना मात्र त्या २५ मिलिसेकंदांच्या खाचा जाणवतात आणि खेळ ४० एफपीएसवर चालल्यासारखा वाटतो. याला मायक्रोस्टटर म्हणतात. प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ नीट मोजायची साधनं आल्यावर २०१३ च्या सुमारास हा दोष सगळ्यांसमोर उघडा पडला, आणि एएमडीला फ्रेमचं अंतर सारखं ठेवणारा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढावा लागला. त्याशिवाय एकाआड एक पद्धतीत फ्रेम रांगेत थांबतात, त्यामुळे माउस हलवल्यावर पडद्यावर परिणाम दिसायला उशीर होतो. नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्याला हा उशीर सगळ्यात जास्त बोचतो.

तिसरी गोष्ट मेमरीची, आणि नवख्यांची इथे सर्रास फसगत होते. ८ जीबीची दोन कार्डं म्हणजे खेळासाठी १६ जीबी नव्हे. दोन्ही कार्डांना आपापली फ्रेम काढायची असल्याने सगळी टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं) दोन्हींकडे लागतात, म्हणजे तोच माल दोनदा साठवलेला. खेळाच्या दृष्टीने मेमरी ८ जीबीच. जीटीएक्स ६९० च्या खोक्यावर ४ जीबी लिहिलेलं असायचं; खेळाला त्यातली २ जीबीच मिळायची.

खेळ आणि कार्ड यांना जोडणाऱ्या डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या नव्या प्रणाली आल्यावर दोन कार्डं वापरायची जबाबदारी ड्रायव्हरकडून खेळ बनवणाऱ्यांकडे गेली. ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी, शॅडो ऑफ द टूम रेडर, स्ट्रेंज ब्रिगेड, रेड डेड रिडेम्पशन २ अशा मोजक्या खेळांनी ती उचलली. दोन कार्डं असणारे लोक मूठभर, त्यांच्यासाठी महिनोन्‌महिने खपायचं कोणी? बाकीच्यांनी ते सोडून दिलं आणि त्यांना दोष देता येत नाही.

पायरी १: मॉनिटर काय मागतो ते बघा

कार्ड निवडायची सुरुवात मॉनिटरपासून होते. १०८०पी म्हणजे पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके. १४४०पी म्हणजे ३६.९ लाख. ४के म्हणजे ८२.९ लाख. दर फ्रेमला इतके ठिपके रंगवायचे. म्हणजे १०८०पी वरून ४के वर गेलात की काम चौपट. रिफ्रेश रेट, म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, तेही बघा: ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर १५० एफपीएस काढणाऱ्या कार्डाचे जादा पैसे बहुतांशी वाया जातात. १०८०पी, ६० हर्ट्झचा मॉनिटर असलेल्याला मी मोठं कार्ड घेऊच नका म्हणेन. त्याने मधलं कार्ड घ्यावं आणि उरलेल्या पैशांत मॉनिटर बदलावा.

पायरी २: अडतंय कुठे ते शोधा

हे न करता कार्ड घेणं म्हणजे पैसे अंदाजाने उडवणं. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट सॉफ्टवेअर टाका. कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतं. खेळताना कोपऱ्यात जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) वापर, सीपीयू (प्रोसेसर) वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ) दिसतील असं लावा. मग रोजचाच खेळ रोजच्याच सेटिंगवर अर्धा तास खेळा.

जीपीयू वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच कमी पडतंय, पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. वापर ६०-७० टक्क्यांवरच रेंगाळतोय आणि तरी फ्रेम कमी येताहेत, तर दोष प्रोसेसरचा किंवा रॅमचा असायची शक्यता मोठी. खात्री करायला रिझोल्यूशन एकदम खाली आणून बघा. फ्रेम वाढल्याच नाहीत, तर कार्ड कितीही मोठं आणलं तरी फरक पडणार नाही, आणि दोन आणली तर मुळीच नाही.

इथेच दोन फुकटचे उपाय तपासून घ्या. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात खोचलेली आहे ना? पुष्कळांनी ती मदरबोर्डच्या पोर्टात लावलेली असते आणि महागडं कार्ड बाजूला बसून राहतं. दुसरं, रॅमची एकच पट्टी आहे का? दुकानातून तयार मिळणाऱ्या पीसीत १६ जीबीची एकच पट्टी लावून दिलेली अनेकदा दिसते. ८-८ च्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या की मेमरीचा मार्ग रुंदावतो आणि कित्येक खेळांतली अडखळ तेवढ्यानेच कमी होते.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. लॅपटॉपच्या माहितीत इंटेलचं किंवा एएमडीचं ग्राफिक्स आणि वर एनव्हिडियाचं असं दोन-दोन लिहिलेलं असतं. ती दोन्ही मिळून खेळ चालवत नाहीत. हलकं काम पहिलं करतं, खेळ दुसरं.

पायरी ३: तुम्ही खेळता ते खेळ लिहून काढा

आज खेळता ते आणि पुढच्या वर्षभरात खेळायचेत ते, दोन्ही. प्रत्येकापुढे लिहा: दोन कार्डं चालतात की नाही. उत्तर जवळपास सगळीकडे 'नाही' येईल. कुणी ठासून सांगत असेल की चालतात, तर त्याला खेळाचं नाव विचारा आणि कार्डाचं मॉडेलही. दोन्ही जुळली तरच बोलणं पुढे न्या.

यादीचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांना बहुतेकदा प्रोसेसर पुढे नेतो. मोठ्या मोकळ्या जगाचे, रे ट्रेसिंगवाले (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणारे) खेळ कार्डाला आणि व्हीरॅमला घाम फोडतात. दोघांची खरेदी एकसारखी असू शकत नाही.

पायरी ४: दोन्ही वाटांचा पूर्ण खर्च मांडा

कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात दुसऱ्या कार्डाची वाट: कार्डाची किंमत, बहुधा मोठा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), कधी नवा मदरबोर्ड, कॅबिनेटला जादा पंखे. दुसऱ्यात एका दमदार कार्डाची वाट: नव्या कार्डाची किंमत, वजा जुनं विकून येणारे पैसे. ही वजाबाकीच लोक विसरतात, आणि ती केली की दुसरं कार्ड स्वस्त पडतं हा समज बहुधा टिकत नाही.

मदरबोर्डचं काय, ते नीट बघा. बोर्डवर दोन लांब स्लॉट असले म्हणून दोन्ही सारखे नसतात. साध्या प्रोसेसरकडे ग्राफिक्ससाठी पीसीआय एक्सप्रेसच्या १६ लेन, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा, असतात. महागड्या बोर्डांत त्या आठ-आठ वाटता येतात. मधल्या किमतीच्या बहुतेक बोर्डांत दुसरा लांब स्लॉट आतून चारच लेनचा असतो, तोही चिपसेटमधून फिरून येणारा. हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. बोर्डचं नाव टाकून कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून घ्या.

विजेचं गणितही करा. जीटीएक्स १०८० टीआय हे त्याच्या काळातलं अव्वल कार्ड, २५० वॅटचं. तशी दोन म्हणजे ५०० वॅट. आजचं आरटीएक्स ५०७० हेही २५० वॅटचंच, आणि एकटंच १०८० टीआयच्या बरंच पुढे धावतं. फरक २५० वॅटचा. रोज चार तास खेळलात तर महिन्याला ३० युनिट. तुमच्या बिलातला शेवटचा स्लॅब काय दराने लागतो ते बघून गुणून घ्या. शिवाय ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत आणखी २५० वॅटची धग हा साधा प्रश्न नाही. वरचं कार्ड खालच्याने सोडलेली गरम हवाच ओढतं, ते तापतं, आणि तापलं की स्वतःचा वेग कमी करतं.

एसएमपीएसवर कंजुषी करू नका, हे मला कळकळीने सांगायचंय. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ८ पिनच्या प्रत्येक केबलमधून १५० पर्यंत. एनव्हिडिया आरटीएक्स ५०६० टीआयसाठी ६०० वॅटचा, ५०७० साठी ६५० चा आणि ५०७० टीआयसाठी ७५० चा एसएमपीएस सुचवते. ८० प्लसचा बिल्ला म्हणजे वीज किती कमी वाया जाते एवढंच. बांधणी चांगली आहे असा त्याचा अर्थ नाही, म्हणून त्या विशिष्ट मॉडेलची परीक्षणं वाचा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर नवं कार्ड लावू नका. मोलेक्स केबलला कन्व्हर्टर लावून ८ पिन बनवायचा जुगाड तर अजिबात नको, तारा वितळतात.

घरात छोटा यूपीएस असेल तर तोही यात धरा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. खेळ सुरू असताना वीज गेली तर एका मोठ्या कार्डाच्या पीसीला तोही पुरेलच असं नाही. दोन कार्डांचा तर विषयच सोडा.

पायरी ५: एकच कार्ड, पण कोणतं?

आधी व्हीरॅम. आज नवं कार्ड घेताना ८ जीबीवर थांबू नका, असं मी १०८०पी वाल्यांनाही सांगतो. नव्या मोठ्या खेळांत टेक्श्चर वर नेलं की ८ जीबी भरतं, आणि भरलं की फ्रेमटाइमची रेघ काट्यासारखी वर-खाली उडायला लागते. १२ जीबी ठीक, १६ असेल तर चार वर्षं निवांत.

इथेच नावांचा सापळा आहे. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीत मिळतं आणि १६ मध्येही. आरएक्स ९०६० एक्सटीचंही तेच. जुनं आरटीएक्स ३०६० मुळात १२ जीबीचं, पण त्याच नावाने नंतर ८ जीबीचं आलं, ज्याचा मेमरीचा मार्गही अरुंद: १९२ ऐवजी १२८ बिट. खोक्यावरचं मोठं नाव वाचून समाधान मानू नका, खालची ओळ वाचा. दुकानदाराने कोटेशन दिलं तर त्यात जीबीचा आकडा आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात दोन-चार दुकानांत तोच मॉडेल नंबर दाखवून भाव विचारा. वेगवेगळ्या मॉडेलांचे भाव ताडून काही कळत नाही. भावात १८ टक्के जीएसटी धरलाय का तेही विचारा.

जुना बोर्ड असेल तर आणखी एक गोष्ट. आरटीएक्स ४०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं १६ ऐवजी ८ लेन वापरतात. बी४५० सारख्या पीसीआय एक्सप्रेस ३ च्या बोर्डवर तो मार्ग आणखी अरुंद होतो. व्हीरॅम पुरतंय तोवर काही वाटत नाही, पण ८ जीबीचं कार्ड भरून वाहू लागलं की तिथे जास्त मार बसतो. आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेन घेतं, म्हणून जुन्या बोर्डवाल्यांना मी त्याचं १६ जीबीचं मॉडेल आधी बघायला सांगतो.

कॅबिनेटमध्ये कार्ड मावतं का, लांबी आणि जाडी दोन्ही मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिलिमीटरपलीकडेही जातात.

पायरी ६: सेकंडहँड घेत असाल तर

सेकंडहँड वाईट नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या डिजिटल चलनाने पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डं राबवून ते चलन मिळवणं, म्हणजे त्याचं मायनिंग, संपलं आणि वापरलेली कार्डं बाजारात लोटली. मायनिंगचं कार्ड म्हणजे निकामीच असं नाही, पण पंखे आणि थर्मल पेस्ट झिजलेली असतात, तेवढा भाव पाडून घ्या.

कार्ड चालू पीसीत लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि कोअरचा आकडा कंपनीच्या माहितीशी ताडून बघा. आरएक्स ५८० ला २,३०४ कोअर असायला हव्यात. २,०४८ दिसल्या तर ते ५८० च्या नावाखालचं हलकं मॉडेल आहे. पंधरा-वीस मिनिटं जड चाचणी लावा, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे येतात का बघा, पंख्यांचा आवाज ऐका. बिल मागा. वॉरंटी काही कंपन्या सीरियल नंबरवर देतात, काही बिलावर, म्हणून सीरियल नंबरचं स्टिकर शाबूत हवं.

ड्रायव्हरचं वयही बघा. जीटीएक्स १० मालिकेला एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर बंद केले, आता फक्त सुरक्षेच्या सुधारणा येतात. दोन जीटीएक्स १०८० टीआय ब्रिजसकट (त्यांना जोडणाऱ्या पट्टीसकट) स्वस्तात देतो असं कुणी म्हणत असेल, तर एवढी एक गोष्ट नाही म्हणायला पुरेशी आहे.

दुसरं कार्ड खरंच कामाचं कधी?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्समध्ये रेंडर करत (तयार दृश्याचं अंतिम चित्र काढत) असाल तर दोन कार्डं जवळजवळ दुप्पट काम करतात, कारण तिथे चित्राचे तुकडे खरोखर वाटता येतात. घरी भाषेची मोठी एआय मॉडेलं चालवणारेही २४ जीबीची दोन ३०९० लावतात. मॉडेलचे थर दोन कार्डांत विभागता येतात, आणि तिथे मेमरीची बेरीजही होते. अशी कामं तुमचं पोट भरत असतील तर दोन कार्डं जरूर घ्या. खेळ मात्र त्यातल्या एकावरच चालेल.

खेळातही एक वाट आहे. लॉसलेस स्केलिंग नावाचं स्टीमवरचं सॉफ्टवेअर मूळ फ्रेमांच्या मध्ये नव्या फ्रेम तयार करून घालतं, आणि हे काम ते दुसऱ्या कार्डावर ढकलू शकतं. मुख्य कार्ड खेळ चालवतं, दुसरं मधल्या फ्रेम भरतं. कार्डं एकसारखी नसली तरी चालतं, एक एनव्हिडियाचं आणि एक एएमडीचं असलं तरीही. मॉनिटरची केबल दुसऱ्या कार्डात लावायची आणि विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये खेळासाठी मुख्य कार्ड निवडायचं. पण हे समजून करा: भरलेल्या फ्रेमांनी हालचाल मऊ दिसते, माउसला मिळणारा प्रतिसाद वाढत नाही. मूळ फ्रेम ५०-६० च्या आसपास तरी हव्यात. दुसरा स्लॉट चार लेनचा असेल तर ४के वर तो अपुरा पडू शकतो. घरात जुनं कार्ड पडूनच असेल तर हा प्रयोग जरूर करा. यासाठी मुद्दाम नवं कार्ड विकत घ्यायला मात्र मी सांगणार नाही.

पायरी ७: कार्ड बसवताना

कंपनी बदलत असाल, म्हणजे एनव्हिडियाकडून एएमडीकडे किंवा उलट, तर डीडीयू या फुकट सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये मुळापासून काढा. पीसी बंद, प्लग बाहेर, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. कार्ड सर्वांत वरच्या लांब स्लॉटमध्येच बसवा. खटका लागल्याचा आवाज आला पाहिजे. जड कार्डाला खालून आधार द्या.

दोन ८ पिन लागत असतील तर शक्यतो एसएमपीएसकडून येणाऱ्या दोन वेगळ्या केबल वापरा. नव्या १६ पिनच्या कनेक्टरला पूर्ण आत दाबा, फट अजिबात दिसता कामा नये, आणि तोंडाजवळ केबल वाकवू नका. अर्धवट खोचलेल्या कनेक्टरमुळे पिना वितळलेल्या आहेत.

मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करा, विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट तपासा. तो बऱ्याचदा ६० वरच राहिलेला असतो. पायरी २ मधला तोच खेळ त्याच सेटिंगवर पुन्हा अर्धा तास खेळा आणि जुने आकडे शेजारी ठेवा. तापमान ८५ अंशांच्या वर जात असेल तर बाजूचं पॅनल काढून पुन्हा मोजा. लगेच उतरलं तर दोष कॅबिनेटच्या हवेत आहे, कार्डात नाही. पडदा मधेच काळा होणं, पीसी आपोआप बंद पडणं, चित्रात ठिपके, यांतलं काहीही दिसलं तर बदलून द्यायची मुदत संपण्याआधी, बिल आणि खोकं घेऊन दुकानात जा.